सवाल बाकी आहे

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. बाहेर पाऊस नव्हता. आमच्या धाराशिवकडे यायचे तो बहुधा विसरतोच. सकाळी वाचलेले वर्तमानपत्र मी दुपारी पुन्हा वाचीत पडलो होतो. निवृत्त शिक्षकाला दुसरा उद्योग काय असणार? तेवढ्यात नातू वही घेऊन माझ्यापुढे येऊन बसला. हा मुलगा महाविद्यालयात जातो, आणि वहीशी त्याची गाठ परीक्षेच्या आदल्या रात्रीच पडते असा माझा अनुभव आहे. तेव्हा मी चष्मा पुसून सावध झालो.

"आबा, जरा यमकं बघता का?" तो म्हणाला.

यमके! सारी हयात मराठी शिकवण्यात घालवलेल्या माणसाला याहून गोड हाक कोणती? मी वही ओढूनच घेतली. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात म्हणे रॅपची लढत व्हायची होती. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, तालावर भराभर बोलायचे, एकमेकांची उणीदुणी काढायची, आणि ज्याच्या बाजूने आरडाओरडा जास्त तो जिंकला, असा हा मामला. नातवाने आपल्या प्रतिस्पर्ध्यासाठी सोळा ओळी रचल्या होत्या. पहिल्या बारा बेताच्याच होत्या. शेवटच्या चार मात्र फक्कड उतरल्या होत्या. त्या मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते, त्यावर त्या होत्या. त्यातले यमक नुसते जुळले नव्हते, भांड्यासारखे खणखणत होते.

"या चार ओळींवर पोरं हॉल डोक्यावर घेतील का न्हाई, सांगा."

"घेतील," मी म्हणालो. खोटे कसे बोलणार?

"मग जमलं!" म्हणून तो उठू लागला. मी त्याला बस म्हटले. पण बसवून घेतल्यावर काय सांगायचे ते मला सुचेना. 'असे बोलू नये, बाळ' हे वाक्य मी पस्तीस वर्षे वर्गात वापरले आहे, आणि त्याचा उपयोग किती होतो हे मला पुरते ठाऊक आहे. शिवाय त्याने मला नीतीचा प्रश्न विचारलाच नव्हता. त्याचा प्रश्न विद्येचा होता : ऐकणारी माणसे कशाने आपल्या बाजूची होतात? एखादा गाणारा जिंकतो तो नेमका कशाच्या बळावर? हा प्रश्न मला वाटतो तितका पोरकट नाही. त्या दुपारी मी नातवाला काहीबाही सांगितले. आज दिवाळीची सवड आहे, तेव्हा तेच जरा नीट लावून वाचकांपुढे ठेवतो.

रॅप म्हटले की आमच्या वयाच्या माणसांची भुवई वर चढते. पण हे प्रकरण आहे तरी काय? न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉन्क्स भागात, काळ्या आणि लॅटिन अमेरिकी लोकांच्या गरीब वस्तीत, १९७३ च्या सुमारास या साऱ्या चळवळीचा उगम झाला. एकाने तबकड्या वाजवायच्या आणि दुसऱ्याने ध्वनिक्षेपक हाती घेऊन तालात बोलत जमलेल्यांना खेळवायचे. तिथल्या हार्लेम वस्तीत डिसेंबर १९८१ मध्ये एक लढत झाली, ती या क्षेत्रातले लोक अजून विसरलेले नाहीत. बिझी बी नावाचा गडी लोकांना हसवण्यात, त्यांच्याकडून ओरडून घेण्यात मोठा तरबेज होता. त्याच्यापुढे कूल मो डी हा दुसरा उभा राहिला. त्याने लोकांना खेळवायचे सोडून थेट बिझी बीलाच धरले; नाव घेऊन, एकेक उणे काढून, त्याला सर्वांसमक्ष सोलून काढले. तेव्हापासून नुसते रंजन मागे पडून शब्दाच्या हत्याराला मान आला, असे जाणकार मानतात.

नातवाला वाटते, हे सारे परवा-परवा अमेरिकेतून आले. मी त्याला म्हटले, "अरे, तुझ्या खापरपणजोबांच्याही आधीपासून हे आपल्याकडे चालू आहे. फक्त तुमच्या यंत्रातल्या तालाऐवजी डफ आणि तुणतुणे होते."

कलगी-तुऱ्याचे नाव नव्या पिढीने बहुधा भांडणाच्या बातम्यांतच ऐकलेले असते. 'दोन पुढाऱ्यांत कलगी-तुरा रंगला' असा मथळा आपण नेहमी वाचतो. पण मुळात हे शाहिरांचे दोन पंथ. तुरेवाले शिवाला, म्हणजे ब्रह्माला, श्रेष्ठ मानणार. कलगीवाले शक्तीला, म्हणजे मायेला. दोन्हींकडचे फड समोरासमोर उभे राहायचे. गण झाला की भेदिकाला तोंड लागायचे. भेदिक म्हणजे अध्यात्मातले कोडे पोटात घातलेले कवन. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याचा भेद करायचा. नाही जमले तर डफ खाली ठेवायचा. माळवा-राजस्थानाकडे याची आख्यायिका अशी सांगतात की, तुकनगीर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर यांच्या जुगलबंदीवर राजा खूष झाला आणि त्याने एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी दिली. आख्यायिकेत किती तथ्य असेल ते असो. मला तीतली एक गोष्ट फार आवडते. बक्षीस दोघांनाही मिळाले. कोकणात हाच खेळ जाखडी नाचात शक्ती-तुरा म्हणून आजही चालतो आणि सिंधुदुर्गाकडे दोन भजनीबुवा डबलबारीला बसतात तेव्हा गाव रात्रभर जागतो.

तर प्रश्न असा की, या साऱ्यांत जिंकतो कोण?

पहिले उत्तर कुणीही देईल : ज्याची जीभ तिखट तो. पण जीभ तिखट असलेली माणसे प्रत्येक गावात पारावर बसलेली असतात. लोक त्यांना भितात, त्यांच्या मागे जात नाहीत. दुसरे उत्तर : जो लोकांच्या मनातलेच बोलतो तो. हे खरे मानले तर आमच्या जिल्ह्यात तुरेवाल्याने कधी जिंकूच नये. तुळजापूर इथून हाकेच्या अंतरावर. घराघरात भवानीचा टाक, परडी, कवड्यांची माळ. शक्ती थोर की शिव थोर हा सवाल या मुलखात टाकणे म्हणजे आईसमोर तिच्याच लेकराला 'आई चांगली की बाबा?' म्हणून विचारणे होय. तरीही याच मुलखात तुरेवाल्या शाहिराला खांद्यावर घेऊन नाचणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तिसरे उत्तर विद्येचे : ज्याला जास्त येते तो. ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनीस याने इ. स. पू. ४०५ मध्ये 'बेडूक' नावाच्या प्रहसनात दोन मृत कवींची अशीच लढत लावली आहे. तीत काव्याच्या ओळी चक्क तराजूत घालून तोलतात! पण तोलून झाल्यावरही निवाडा करणाऱ्या देवाचे मन ठरत नाही, आणि शेवटी तो तराजू बाजूला ठेवून मनाला पटेल त्या कवीला घेऊन जातो. तराजूने जर निकाल लागता तर श्रोत्यांची गरजच काय होती?

ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत हे मला एका रात्री कळले. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो.

साल १९६४. त्याच वर्षी अनंत माने यांचा 'सवाल माझा ऐका!' हा बोलपट निघाला होता आणि सवाल-जबाबाचे वारे सगळीकडे होते. आमचा जिल्हा तेव्हा उस्मानाबाद, आणि लातूरही त्यातच. ते १९८२ साली वेगळे झाले. तेरणाकाठच्या एका गावी चैत्रातली जत्रा होती. कलगीकडून आमच्या गावचे शाहीर उभे होते. त्यांना आम्ही पोरे तात्या म्हणत असू. दिवसा ते शिवणयंत्रावर बसत. लहानपणी देवी आल्या त्यांत त्यांचा डावा डोळा गेला होता आणि चेहराभर व्रण राहिले होते. आजच्या मुलांना देवीचा रोग माहीत नाही, हे भाग्यच. १९७७ साली आपला देश त्यातून सुटल्याचे जाहीर झाले. पण तेव्हा असे चेहरे गावोगाव दिसत. एकाच डोळ्याने ते सुईत दोरा ओवीत, आणि आम्ही दोन डोळ्यांची पोरे पैज लावून हरत असू. त्यांचे तुणतुणे पिशवीत घालून गावोगाव वाहून नेण्याचा मान माझ्याकडे होता. हमालीच ती, पण फुकट तमाशा बघायला मिणाऱ्या मुलाला हमालीचे काय?

तुऱ्याकडून एक तरणाबांड गडी होता. आवाज असा की गॅसबत्तीची काच थरथरावी. मध्यरात्र उलटल्यावर त्याने सवाल टाकला. शब्द आज मला जसेच्या तसे आठवत नाहीत. आशय मात्र साठ वर्षे मनात रुतून बसला आहे. तो म्हणाला : कलगीवाल्या, तुमची माया सगळ्यांनाच झाकते म्हणता. मग 'माया सगळ्यांना झाकते' हे ज्याने पहिल्यांदा पाहिले, तो माणूस झाकलेला होता की उघडा? झाकलेला असेल, तर त्याला ते दिसले कसे? आणि उघडा असेल, तर तुमची माया सगळ्यांना झाकते कुठे?

वाचकांनी घटकाभर थांबून या सवालाकडे पाहावे. मोठमोठ्या वेदान्त्यांनी ज्याच्यावर ग्रंथ खर्ची घातले तीच ही अडचण. ती त्या पोराने जत्रेच्या मैदानात, धुळीत उभे राहून, चार ओळींत मांडली होती.

तात्यांना उत्तर सुचले नाही. शाहिराला उत्तर सुचले नाही की तो गुरुपरंपरा गातो. तात्यांनी गुरू गायला, गुरूचा गुरू गायला, मग तेहतीस कोटींपैकी जमतील तेवढे देव गायले. लोक चुळबुळ करू लागले. बायाबापड्या निजलेली लेकरे खांद्यावर टाकून उठू लागल्या. आणखी थोडा वेळ तसाच जाता तर तात्यांना डफ खाली ठेवावा लागला असता. पण त्या तरण्याला दम निघेना. त्याने पाहिले, लोक उठताहेत; आपल्या सवालाने त्यांना धरून ठेवलेले नाही. त्याने एक सोपी ओळ फेकली. एका डोळ्याच्या माणसाला झाकलेले काय नि उघडे काय दिसणार? ज्या आईचा डफ वाजवतोस तिनेच तुझा दिवा विझवला!

हशा पिकला. उठलेली माणसे परत बसली. जत्रेला आलेले ते सगळे मैदान हसले, आणि खोटे कशाला सांगू, मीही हसलो. तात्यांच्या तुणत्याची पिशवी मांडीवर घेऊन मी पोट धरून हसलो. ओळ तशी झकास होती.

तात्या गप्प उभे राहिले. मग त्यांनी डफ छातीशी धरला आणि पहिल्यांदा काय केले असेल, तर त्या पोराची तीच ओळ, त्याच चालीत, त्याच्याहून गोड गळ्याने सबंध गाऊन दाखवली. जणू दुसऱ्याने शिवलेला सदरा हातात घेऊन शिंप्याने दोऱ्याचे कौतुक करावे. मैदान शांत झाले. नंतर त्यांनी जोड दिली. आशय असा : आईने एक डोळा नेला हे खरे. ती म्हणाली, निम्मे जग तू बघ, निम्मे मी बघते. पोरा, या डोळ्याने तुला मी बघायलोय. त्या डोळ्याने ती बघायलीय.

पुढचे काय सांगावे! 'आई राजा उदो उदो' असा जो गजर उठला तो नदीपलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणतात. पागोटी उडाली. दौलतजादा सुरू झाली. ज्यांच्या गाठीला पैसा नव्हता त्यांनी खोबऱ्याच्या वाट्या दिल्या. त्या तरण्याने मुकाट्याने डफ खाली ठेवला.

तात्या का जिंकले? ती जोड चतुर होती, हे आहेच. पण नुसत्या चातुर्याने माणसे अशी वेडी होत नाहीत. फार वर्षांनी, वर्गात पोरे एकमेकांना चिडवताना पाहून, माझ्या ध्यानात आले ते असे. त्या टोमण्यावर हसलो तेव्हा आम्हा सर्वांच्या मनात कुठेतरी काटा मोडला होता. देवीच्या व्रणांवर हसणे चांगले नव्हे, हे त्या मैदानात कुणाला ठाऊक नव्हते? अनेकांच्या स्वतःच्या घरी तसे व्रण होते. तरी हसू फुटले ते फुटलेच, आणि मग त्या हसण्याची लाज वाटू लागली. ती लाज घेऊन घरी जायचे कसे? तात्यांनी आम्हांला त्यातून सोडवले. ते चिडले असते, रडले असते, त्या पोराच्या बापाचा उद्धार केला असता, तर आमची लाज तशीच राहिली असती. त्यांनी घाव अंगावर घेतला आणि त्यातून नाद काढला. आम्ही जे ओरडलो त्यात कौतुक निम्मे असेल. निम्मी कृतज्ञता होती. लोक ज्याच्यावर जीव टाकतात तो बहुधा असाच कुणीतरी असतो : त्यांना त्यांच्याच लाजेतून वर काढणारा.

जुन्या लोकांना हे माहीत होते. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची कथा आपण ऐकलेली असते. निवाडा करायला मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती. तिने दोघांच्या गळ्यात फुलांची माळ घातली आणि सांगितले, ज्याची माळ आधी कोमेजेल तो हरला. रागाने अंग तापते आणि फुले सुकतात, अशी त्यातली खूण. अमेरिकेतल्या काळ्या मुलांचा 'डझन्स' नावाचा एक जुना खेळ आहे. दोघांनी एकमेकांच्या घरादाराचा यथेच्छ उद्धार करायचा आणि जो आधी चिडेल तो हरला. रॅपच्या लढतीचे मूळ पुष्कळांना या खेळात दिसते. कुठे उभयभारतीची माळ आणि कुठे तिथली गल्ली! पण कसोटी एकच.

नातवाने मला '८ माईल' नावाचा २००२ सालचा इंग्रजी चित्रपट दाखवला आहे. त्यातला गोरा, कफल्लक नायक शेवटच्या लढतीत काय करतो? प्रतिस्पर्धी आपल्याविषयी जे जे बोलेल ते सगळे तो स्वतःच आधी बोलून टाकतो. मी गरीब आहे, आईबरोबर फिरत्या डब्यात राहतो, मला मार पडला आहे. समोरच्याच्या हातात काही उरतच नाही. बोलायची पाळी आल्यावर त्याचे तोंड मिटते. नातवाला वाटले, ही युक्ती आहे. मला वाटले, युक्ती असली तरी ती ज्याला आपली लाज पचलेली आहे त्यालाच साधते.

इथेच थांबलो असतो तर निबंध गोड झाला असता आणि नातवालाही एक हुकमी मात्रा मिळाली असती : घाव घ्या, हसा, परतवा, लोक तुमचे. पण त्या रात्रीला एक सकाळही होती.

पहाटे तात्यांनी मला हलवून उठवले. "चल, तुणतुणं घे." मला वाटले, बैलगाडी निघाली. ते मला घेऊन गेले ते गावच्या शाळेच्या व्हरांड्यात. तिथे तुऱ्याचा फड उतरला होता. तो तरणा गडी पितळीत चहा निववीत बसला होता. तात्यांना पाहून त्याने मान फिरवली.

तात्या त्याच्यापुढे उकिडवे बसले. म्हणाले, "पोरा, तुझा सवाल माझ्यावर बाकी हाय."

त्याला कळेना. "पर तुमी तर जिंकलाव, तात्या. लोकं तर—"

"लोकं हसली व्हती, म्हणून वरडली. मी तुझ्या टोमण्याला जबाब दिला, सवालाला न्हाई. आणखी घटकाभर दम धरला असतास तर डफ मीच खाली ठेवला असता." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "सवाल कुणाचा? गुरूचा?"

"माझाच," तो हळूच म्हणाला.

"मग स्वतःच्या हातानं कशापाई मारलास त्याला?"

तो पोरगा चहा तसाच ठेवून उठला आणि तात्यांच्या पाया पडला. तात्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नि आम्ही निघालो. वाटेत मी चिडलो होतो. इतका मोठा विजय असा उघडून द्यायचा म्हणजे काय? मी म्हणालो, "तात्या, कुणाला कळलं पण नव्हतं. कशाला सांगितलंत?"

ते म्हणाले, "लोकास्नी कळलं न्हाई म्हणून देणं फिटतं व्हय रे?"

गेली साठ वर्षे मी हे वाक्य बाळगून आहे. लोकांची मने जिंकणे आणि प्रश्नाचे उत्तर देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली की दुसरी झाली असे साऱ्यांना वाटते; गाणाऱ्याला तर सर्वांत आधी वाटते. पुढाऱ्याच्या सभेत, घरातल्या भांडणात, इतकेच काय मास्तराच्या वर्गात हेच चालते. मीही कित्येकदा अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलावर एखादी कोटी करून वर्ग हसवला आहे. वर्ग माझा झाला, प्रश्न मात्र त्या मुलाजवळ तसाच राहिला. त्यातल्या एकाही मुलाच्या घरी जाऊन 'तुझा सवाल माझ्यावर बाकी आहे' असे मी म्हणालो नाही. त्याची आज लाज वाटते, आणि मला त्यातून सोडवायला कुणी शाहीर नाही.

आमच्याच जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. त्यांची कथा सर्वांना पाठ आहे. संतांचा मेळा जमलेला. मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशाला? मडकी कच्ची की पक्की ते बघायला, काका म्हणाले. मग यांतले कच्चे कोण ते सांगा! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे कळवळले. काका म्हणाले, हे मडके कच्चे. आता पाहा, नामदेवांहून लोकांचे लाडके कोण होते? त्यांच्या कीर्तनाला खुद्द पांडुरंग डोलतो अशी ख्याती. म्हणजे ज्याने सर्वांची मने जिंकली होती तोच नेमका कच्चा निघाला. लोकांचे कौतुक ही भट्टी नव्हे, हे काकांनी एका टोल्यात सांगितले. आणि नामदेवांचे मोठेपण पुढे आहे. त्यांनी लोकांकडे दाद मागितली नाही. ते विसोबा खेचरांकडे शिकायला गेले.

थापटणे तर आपणा ऐकणाऱ्यांच्याही डोक्यावर बसत असते. कुणी दुसऱ्याच्या व्यंगावर, जातीवर, आईच्या कष्टांवर ओळ टाकतो आणि आपण हसतो, तो आपल्या मडक्याचा आवाज. त्या मैदानात आम्ही कच्चे वाजलो होतो. बरे, आम्ही निदान पहाटेपर्यंत तिथेच बसून होतो, म्हणून तात्यांचे उत्तर ऐकायला मिळाले. आज नातवाच्या मोबाइलवर लढतीचा तीस सेकंदांचा तुकडा येतो. त्यात टोमणा असतो, हशा असतो. उत्तर कापलेले असते. हसून झाले की माणूस पुढच्या तुकड्याकडे जातो. लाज वाटायला जो वेळ लागतो तोच आता कुणापाशी नाही.

हे सारे मी नातवाला त्या दुपारी सांगितले. याहून पुष्कळ विस्कळीत सांगितले आणि मध्ये दोनदा चहा झाला. त्या चार ओळी खोड असे मी म्हणालो नाही. हॉल डोक्यावर घेतला जाईल हेही मी नाकारले नाही. एवढेच म्हणालो की, तो मुलगा तात्यांसारखा निघाला तर तू हरशील. आणि तसा नाही निघाला, तर तू जिंकशील खरा, पण त्या हॉलमधली निम्मी पोरे लाज घेऊन घरी जातील, आणि तिचे कारण म्हणून तू त्यांच्या ध्यानात राहशील.

तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग वही मिटून उठला. त्याने काय ठरवले ते मी विचारले नाही. स्नेहसंमेलन अजून व्हायचे आहे.

रात्री जेवणे झाली. मी अंथरुणावर पडलो होतो. दाराशी त्याची सावली दिसली.

"आबा, झोपलाव का?"

"नाही रे. काय?"

"तो माणूस... ज्यानं पहिल्यांदा बघितलं. तो झाकलेला होता का उघडा?"

मी उठून बसलो. तात्या जाऊन चाळीस वर्षे झाली. त्या तरण्या शाहिराचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. कधी कधी वाटते, निम्मे तू बघ नि निम्मे मी बघते, यातच तात्या नकळत उत्तर देऊन गेले असतील. ज्याला एकाच डोळ्याने दिसते त्यालाच, काहीतरी झाकलेले आहे, हे कळत असेल. पण तात्यांनी स्वतः ते उत्तर मानले नव्हते. तेव्हा मी तरी कोण मानणारा?

"बाकी आहे," मी म्हणालो. "ये, बस."